खात्रीबाई आणि पिठाच्या मशीनचं झाकण

खात्रीबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आमच्या बेकरीच्या दाराची कडी ओढून बघत होत्या. दार सताड उघडं होतं, तरी बाईंनी कडी ओढली, सोडली, पुन्हा ओढली. मी मनात म्हटलं, आली बया! आता आमच्या मेहुण्याचं काही खरं नाही.

खात्रीबाई हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते त्यांच्या कारखान्यातल्या लोकांनी ठेवलेलं. सकाळी कुणी ‘नमस्कार’ म्हटलं तरी बाई ‘कशावरून?’ असं विचारतील, अशी त्यांची ख्याती. पन्नाशीला आलेल्या, केस घट्ट मागे बांधलेले, खांद्याला एक जाड कापडी पिशवी. पिशवीची चेन लावल्यावर ती लागली का हे बोटानं चाचपून बघायच्या. पुढं त्यांची माझी चांगली ओळख झाली, अजून आहे, आणि त्यांच्याबद्दल लिहायला बसलो की मला हसू आवरत नाही. पण त्या आठवड्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

आमचा मेहुणा म्हणजे आमच्या हिचा धाकटा भाऊ. मी पॅकिंगला, तो पीठ मळायच्या मशीनवर. बावीस वर्षं त्यानं तेच एक काम केलं. पीठ तयार झालं की नाही हे तो बोट खुपसून सांगे. घड्याळ बघायचा नाही, काटा बघायचा नाही. बोट खुपसायचा, क्षणभर डोळे मिटायचा आणि म्हणायचा, ‘अजून चार वळसे.’ म्हणून सगळे त्याला बोटशास्त्री म्हणत.

मशीन कसलं होतं ते सांगतो. दोन माणसं बसतील एवढं स्टीलचं भांडं, त्यात मनगटाएवढा जाड लोखंडी आकडा. तो गरागरा फिरतो आणि पीठ मळतो. भांड्यावर झाकण. झाकण उचललं की आकडा जागच्या जागी थांबला पाहिजे, कारण त्या आकड्याला पीठ आणि हात यातला फरक कळत नाही. झाकणाच्या बिजागरीपाशी एक छोटा स्विच असतो. झाकण उघडलं, ही चहाडी तो मशीनच्या मेंदूकडे करतो. मशीन नवं होतं, येऊन वीसच दिवस झालेले.

त्या मंगळवारी दुपारी मेहुण्यानं झाकण उचललं आणि आकडा थांबला नाही. हातातलं खरवडायचं पातं आकड्यानं ओढून घेतलं, मनगट पिरगळलं. नशीब, दुसरा हात लाल बटणावर पडला. मनगट पावासारखं फुगलं, बाकी निभावलं.

पण खरं दुखणं पुढंच होतं. मुकादमानं दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण दहादा उघडून पाहिलं. आकडा दहाही वेळा शहाण्यासारखा थांबला. मग मुकादमानं मेहुण्याचं कपाट उघडलं तर त्यात निघालं एक लोहचुंबक. आता बेकरीत काम केलेल्या कुणालाही विचारा, झाकणाच्या स्विचला चुंबक लावून फसवता येतं. झाकण उघडं असलं तरी मशीनला वाटतं बंद आहे. घाईच्या वेळी काही बहाद्दर ही युक्ती करतात.

‘मी त्या चुंबकानं पिठातल्या टाचण्या काढतो,’ मेहुणा म्हणाला. ‘पोत्यांना टाचण्या लावलेल्या असतात. पाच वर्षांपूर्वी एक पावात गेली होती, आठवतं ना?’

मुकादम म्हणाला, ‘चोर म्हणतो, पहार आणली ती परसात खणायला.’

मालकांनी निवाडा दिला तो असा. मशीन बनवणाऱ्या कारखान्याचा माणूस येऊन तपासेल. मशीन निर्दोष निघालं तर शनिवारी मेहुण्याला काढायचं, आणि पत्रात लिहायचं की यानं सुरक्षेच्या स्विचशी खेळ केला. असलं पत्र हातात घेऊन गेलेल्याला कुठली बेकरी भट्टीपाशी उभं करणार? नोकरी तर जाणारच होती, पण बावीस वर्षांचं बोटही खोटं ठरणार होतं.

आणि त्याच दुपारी तपासायला आल्या त्या या, कडी ओढणाऱ्या बाई. त्या मशीनचा प्रोग्राम यांनीच लिहिलेला.

मालकांनी मला बाजूला घेतलं. ‘तू तिच्या शेजारी बसून राहायचं. हे कंपनीवाले आपली चूक झाकायला बघतात. हळूच काहीतरी बदलून जाईल.’

‘मालक, मी गावच्या शाळेत चौथी झालेला. बाई संगणकात काय बदलतात ते मला काय कळणार?’

‘तुला कळायची गरज नाही. कुणीतरी बघतंय हे तिला कळलं म्हणजे झालं.’

‘पण मेहुणा माझा...’

‘म्हणून तर तुझी नजर ढळणार नाही.’

असा मी बाईंच्या शेजारी स्टुलावर बसलो. बाईंनाही त्यांच्या साहेबांनी बजावून पाठवलं होतं, हे नंतर कळलं: तिथली माणसं एकमेकांना सांभाळून घेतात, कुणाचं ऐकू नकोस. म्हणजे मालकांचा बाईंवर संशय, बाईंचा आमच्यावर, मुकादमाचा मेहुण्यावर आणि माझा सगळ्यांवर. चहा आला. बाईंनी कप नाकाशी नेला, खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

मी त्यांच्या कपातला घोटभर बशीत ओतून प्यायलो. ‘जिवंत आहे,’ म्हटलं.

बाई हसल्या नाहीत. दोन मिनिटं थांबल्या, मग चहा प्यायल्या. दोन मिनिटं हं! मी घड्याळ लावून बघितलं.

मग मेहुण्याला बोलावलं. मुकादम दाराला टेकून उभा.

‘झाकण कधी उघडलंत?’

‘मळताना.’

‘मळताना म्हणजे? सुरुवातीला, मध्ये, की शेवटी?’

मेहुण्यानं एकदा मुकादमाकडे बघितलं. ‘मध्ये.’

बाईंनी लिहून घेतलं. मग चुंबक मागितलं, बिजागरीपाशी धरलं, झाकण उघडलं. आकडा फिरतच राहिला. मुकादमाच्या चेहऱ्यावर अशी कळा आली, जणू त्याच्याच मुलीचं लग्न ठरलंय. मेहुणा मान खाली घालून निघून गेला.

बाई मला म्हणाल्या, ‘तुमचे मेहुणे खोटं बोलतायत.’

मला राग आला. ‘कशावरून?’ मी विचारलं. त्यांचंच हत्यार त्यांच्यावर.

‘उत्तर देण्याआधी मुकादमाकडे बघतात. खरं आठवायला माणूस वर बघतो, नाहीतर खाली. खोटं बोलायला ज्याची भीती असते त्याच्याकडे बघतो.’

आणि मग, का कोण जाणे, त्यांनी आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. वडील कोर्टात दुभाषी होते. साक्षीदार एका भाषेत बोलणार, न्यायाधीश दुसऱ्या, मध्ये हे. एकदा एक गवंडी साक्षीला होता. तो म्हणाला, ‘मी बघितलं, मग परत बघितलं, मग परत बघितलं.’ वडिलांना वाटलं, माणूस घाबरून एकच वाक्य घोळतोय. त्यांनी सुटसुटीत करून सांगितलं: ‘यानं बघितलं.’ न्यायाधीश म्हणाले, एकदा बघून एवढ्या लांबून माणूस ओळखता येत नाही, आणि साक्ष मोडीत निघाली. वडील म्हातारपणापर्यंत म्हणत राहिले, ‘मी अर्थ बदलला नव्हता. फक्त तेच तेच काढलं होतं.’

‘मी नऊ वर्षांची होते,’ बाई म्हणाल्या. ‘तेव्हापासून मधल्या माणसावर माझा विश्वास नाही.’

आता एवढ्या संशयी बाईंनी आयुष्यभर काम काय करावं, तर मधल्याच्या भरवशावरचं! प्रोग्राम लिहायचा म्हणजे काय हे मला बाईंनीच समजावलं. माणूस लिहितो ती भाषा मशीनच्या मेंदूला कळत नाही. त्याला कळतात एवढ्याएवढ्याशा आज्ञा: या कप्प्यातलं उचल, त्या कप्प्याशी ताडून बघ, नसेल जुळत तर अमक्या ओळीवर जा. माणसानं लिहिलेल्याचं या आज्ञांमध्ये भाषांतर करायला एक दुसराच प्रोग्राम असतो, त्याला कंपायलर म्हणतात. आमची नात आता कॉलेजात हे शिकते. तिला वाटतं आजोबांना हे नवीन असेल. मी म्हणतो, बाळे, तुझा जन्म व्हायच्या आधी मी या दुभाष्याच्या पायी दोन झाडू मोडलेले बघितलेत.

ते झाडू असे मोडले.

त्या संध्याकाळी घरी आमच्या हिनं भावाला समोर बसवलं. ही फार बोलत नाही, पण भाजी चिरताना सुरी थांबली की समजायचं.

सुरी थांबली. ‘मध्ये उघडलंस?’

‘ताई, हो म्हटलं ना.’

‘लहानपणी गूळ खाऊन असंच हो म्हणायचास. हनुवटीला लागलेला असायचा.’

मग निघालं. मशीन शेवटची दोन मिनिटं सावकाश फिरतं, त्याला ते ‘शेवटचा फेरा’ म्हणत. नव्या मशीनमध्येच आलेली ही सोय. मेहुण्यानं झाकण उघडलं ते त्या फेऱ्यात, आणि उघडलं कशासाठी? बोट खुपसायला! महिन्यापूर्वी अन्नखात्याचे तपासणीवाले येऊन गेल्यापासून मुकादमानं ताकीद दिली होती की पिठात कुणाचं उघडं बोट दिसलं तर त्याच दिवशी हाकलीन. खरं सांगावं तर बोटापायी जाणार, खोटं सांगावं तर चुंबकापायी. इकडे आड, तिकडे विहीर.

‘बाईंना सांग,’ मी म्हटलं.

‘भाऊजी, ती कंपनीची आहे. माझं खरं घेईल आणि मलाच बांधील त्यात.’

‘कुणाची का असेना,’ ही म्हणाली. ‘एवढं खोदून विचारणारीला खोटं चालत नाही, एवढं तर दिसतंय. मग खरं सांगून बघ. तेवढंच राहिलंय.’

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मुकादम भट्टीकडे वळल्याचं बघून मेहुण्यानं बाईंना सांगितलं. बाईंनी मान डोलावली नाही, शाबासकी दिली नाही. झाडू मागितला.

पीठ घातलं, मशीन चालू केलं. मधल्या वेळात झाकण उघडलं, आकडा थांबला. बंद केलं. मशीन शेवटच्या फेऱ्यात शिरलं. बाईंनी झाकण उचललं आणि झाडूचा दांडा आत घातला.

काडकन!

अर्धा दांडा बाईंच्या हातात, अर्धा पिठात. आकडा आपला फिरतोय, सासरी रुळलेल्या जावयासारखा निवांत.

‘बघितलंत?’ मेहुणा ओरडला. ‘बघितलंत ना?’

बाईंनी लाल बटण दाबलं. ‘चुंबक कुठंय?’

‘बाई!’

‘कुठंय?’

ते मालकांच्या टेबलावर, कुलुपात होतं. बाई जाऊन बघून आल्या. मग आम्हा दोघांना खोलीबाहेर काढलं, मशीनखाली वाकून विजेरीनं बघितलं, बिजागरी चाचपली. मग म्हणाल्या, ‘पुन्हा.’ आणि दुसरा झाडूही कामी आला.

बाईंनी मशीनच्या मेंदूची पेटी खोलून काढली. पेटी त्यांच्या कारखान्यात न्यायची होती. मालक म्हणाले, ‘पेटीबरोबर आमचा माणूस जाईल.’ म्हणजे मी. बसमध्ये दोन तास ती पेटी मांडीवर घेऊन बसलो.

बाईंच्या खोलीत एका लांब टेबलावर आमच्यासारखंच मशीन उघडंनागडं मांडलेलं होतं: मोटर, आकडा, झाकण, भांडं नाही. बाईंनी आपल्या संगणकातला प्रोग्राम त्याला दिला, शेवटच्या फेऱ्यात झाकण उघडलं. थांबलं! पुन्हा उघडलं. थांबलं! मग आमची पेटी जोडली. नाही थांबलं.

बाई वळल्या. ‘येताना तुम्ही पेटीला हात लावलात?’

‘बाई, पेटी दोन तास माझ्या मांडीवर होती. हात ठेवायचे कुठे?’

‘उघडलीत का?’

‘चौथी शिकलेला माणूस जेवणाचा डबा उघडतो.’

तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. पण विश्वास बसला म्हणाल तर नाही. पेटीवरचं सील भिंगातून बघितलं, मगच माझा पिच्छा सोडला.

‘प्रोग्राम तोच,’ त्या स्वतःशीच म्हणाल्या. ‘अक्षर न् अक्षर तोच. टेबलावर थांबतो, तुमच्याकडे थांबत नाही. म्हणजे मध्ये कुणीतरी आहे.’

मग त्यांच्या कारखान्यातली एक रीत मला कळली. भाषांतर दोन प्रकारचं करून घेतात. एक सावकाश, जसंच्या तसं: तुम्ही चार ओळी लिहिल्या तर चारही ओळींचं. त्यात चूक शोधायला सोपी, म्हणून टेबलावर तपासताना ते वापरायचं. दुसरं चटपटीत: दुभाष्याला मोकळीक द्यायची की बाबा, अर्थ राख, पण तेच तेच काढून टाक, मशीन चपळ होऊ दे. गिऱ्हाइकाकडे जातं ते हे. तपासतात एक आणि पाठवतात दुसरं! मी म्हटलं, ‘बाई, आम्ही चाखतो त्याच घाण्यातला पाव विकतो.’

‘सगळीकडे असंच करतात,’ त्या म्हणाल्या. पण त्यांचं त्यांनाच पटलं नसावं, कारण त्यांनी लगेच चटपटीत भाषांतर कागदावर छापून काढलं आणि पट्टी घेऊन ओळ न् ओळ वाचायला बसल्या.

ते वाचणं बघण्यासारखं होतं. आमच्या गावचे तलाठी जमिनीचा उतारा असा वाचायचे, जणू प्रत्येक अक्षराखाली कुणीतरी लपलंय. शुक्रवारी सकाळी मी परत त्या खोलीत गेलो तेव्हा पट्टी अकराव्या पानावर थांबली होती.

‘सापडला,’ बाई म्हणाल्या. डोळे चमकत होते. ‘चोर सापडला. मी काय लिहिलं होतं? शेवटच्या फेऱ्यात आकडा फिरवत राहा आणि प्रत्येक वळशाला झाकणाचा कप्पा बघ. झाकणाचा स्विच परस्पर येऊन त्या कप्प्यात उघडं की बंद ते ठेवून जातो. मी लिहिलं प्रत्येक वळशाला बघ. या कंपायलरनं काय केलं? फेरा सुरू व्हायच्या आधी एकदाच बघितलं. मग आकडा फिरवत राहिला. पुन्हा बघणं काढूनच टाकलं!’

‘का?’

‘कारण त्या फेऱ्यात माझ्या प्रोग्राममध्ये त्या कप्प्याला हात लावणारं कुणी नाही. मग कप्पा बदलेल कसा? आणि बदलणार नसेल तर परत परत बघायचं कशाला? तेच तेच काढलं!’ त्यांनी पट्टी टेबलावर आपटली. ‘अगदी माझ्या वडिलांसारखं. मी लिहिणार, दोष भाषांतराचा.’

मला तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मेहुणा सुटला! त्या भरात माझी जीभही सुटली. मी म्हटलं, ‘बाई, हे तर आमच्या गाईचं झालं.’

‘कुठली गाय?’

‘लहानपणची. आई शेतावर जाताना माझ्या थोरल्या भावाला सांगून गेली, घटकाघटकानं गोठ्यात बघत जा, गाय दाव्याला आहे का. भाऊ मोठा हुशार, वर्गात पहिला. त्यानं एकदा जाऊन बघितलं, आहे. मग ओसरीवर बसून हिशेब केला. घरात मी आणि धाकटा, दोघंही इथेच बसलोय. गोठ्यात कुणी गेलेलं नाही. मग दावं सोडणार कोण? म्हणजे गाय आहेच. कशाला चपला झिजवा! आणि गाईनं दावं तोडून शेजाऱ्याचा अख्खा मळा फस्त केला. आईनं त्याला असा बडवला...’

‘का बडवला?’ बाई म्हणाल्या.

‘का म्हणजे? सांगितलेलं केलं नाही.’

‘गाय आपली आपण सुटते, हे त्याला कुणी सांगितलं होतं?’

‘नाही बुवा. पहिल्यांदाच सुटली होती.’

‘मग त्याला जेवढं ठाऊक होतं तेवढ्यावर त्याचा हिशेब बरोबर होता. चूक त्याची कशी? सांगणाऱ्यानं...’



मी वाट बघितली. बाईंनी पट्टी बाजूला सारली, आपण लिहिलेला मूळ कागद ओढला, त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. खूप वेळ ते बोट तिथंच होतं. मग कपाटातून कंपायलरच्या नियमांचं जाडजूड पुस्तक काढून एक पान उघडलं. तेही वाचून मिटलं.

‘एक शब्द असतो,’ त्या हळू आवाजात म्हणाल्या. ‘कप्प्याच्या नावापुढे लिहायचा. त्याचा अर्थ एवढाच की हा कप्पा बाहेरून बदलतो, माझ्यावर विसंबू नकोस, दरवेळी जाऊन बघ. जुन्या फेऱ्यांचा भाग मी आधीच्या मशीनवरून उचलला, त्यात आमच्या आधीच्या माणसानं तो लिहिला होता, म्हणून मधल्या वेळी मशीन थांबतं. शेवटचा फेरा मी वाढवला. त्याच्यासाठी झाकणाचा कप्पा मी नव्यानं मांडला.’ त्यांनी बोट उचललं. ‘आणि इथं तो शब्द नाही.’

जी बाई माझ्या मांडीवरही संशय घेते, तिनं चुंबकावर घेतला, बिजागरीवर घेतला, मेहुण्यावर घेतला, दुभाष्यावर घेतला. या एका ओळीवर तेवढा घेतला नव्हता, कारण ती तिनं स्वतः लिहिली होती.

थोड्या वेळानं त्यांचे साहेब आले. सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण शहाणा होता. म्हणाला, ‘बाई, अहवालात लिहा, भाषांतरात त्रुटी राहिली. बेकरीच्या माणसावर आळ येत नाही, तुमच्यावर येत नाही. कंपायलर काही भांडायला येणार नाही.’

मी कान टवकारले. खरं सांगतो, मला चालण्यासारखं होतं. मेहुणा सुटला की माझं काम झालं.

‘साहेब, ही मशीनं किती गेली?’ बाईंनी विचारलं.

‘ही नवी? बारा.’

‘यांचं एक धरून बारा. म्हणजे अकरा ठिकाणी आत्ता कुणीतरी झाकण उचलत असेल. दोष कंपायलरचा लिहिला तर उद्या तुम्ही कंपायलर बदलाल, माझी ओळ तशीच राहील, आणि नवा दुभाषी पुन्हा तेच करील. आज दुपारी अकरा जणांना फोन करा. शेवटचा फेरा बंद ठेवायला सांगा. आणि बेकरीत मी जाते.’

‘तुमची अठरा वर्षांची नोकरी आहे. एवढं सांभाळून...’

‘यांच्या मेहुण्यांची बावीस आहे,’ बाई म्हणाल्या.

शनिवारी सकाळी मालकांच्या खोलीत मालक, मुकादम, मेहुणा, बाई आणि कोपऱ्यात मी. मेहुण्याचं पत्र टाइप होऊन टेबलावर पडलेलं, फक्त सही राहिलेली. बाई उभ्या राहून म्हणाल्या, ‘मशीन थांबलं नाही ही माझी चूक. यांची नाही.’

आता गंमत बघा. कबुली दिली, तर मालकांना तीही खोटी वाटली! डोळे बारीक करून म्हणाले, ‘कबूल करून तुम्हाला काय मिळणार? ओळख निघाली वाटतं यांच्याशी?’ आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू पॅकिंगचा माणूस बरोबर पाठवून आपण घोडचूक केली.

‘खात्री करून घ्या,’ बाई म्हणाल्या. ‘मी तेच म्हणते.’

सगळे मशीनपाशी गेलो. पेटी परत बसवलेली. बाईंनी चुंबक मालकांच्या खिशात घालायला सांगितलं, मशीनला कुणी हात लावायचा नाही म्हणून बजावलं, आणि शेवटचा फेरा सुरू होताच मालकांनाच झाकण उचलायला लावलं. मालकांनी उचललं. आकडा फिरत राहिला. मालकांचा हात झाकणावर तसाच, आणि चेहरा मैद्यासारखा. झाडू लागलाच नाही.

‘पण हा शेवटच्या फेऱ्यात झाकण उघडायला गेला कशाला?’ मुकादमानं शेवटी शेपूट धरलंच.

मेहुण्यानं या वेळी मुकादमाकडे बघितलं नाही. ‘बोट घालायला,’ म्हणाला. ‘पीठ झालंय का ते बघायला.’

मालकांनी विचारलं, ‘आणि मुकादम, नवं मशीन आल्यापासून बोट बंद आहे?’

‘बंद आहे.’

‘म्हणून पाव दगड होतात होय!’ मालक म्हणाले आणि टेबलावरचं पत्र आणायला माणूस पाठवला. ते त्यांनी चारदा फाडलं. बोटाबद्दल हुकूम झाला: हातमोजा घालून.

बाईंच्या कारखान्यानं त्यांना वर्षभर नव्या कामापासून दूर ठेवलं, दुसऱ्यांचे प्रोग्राम तपासायला बसवलं. शिक्षा म्हणून हं! ज्या बाई उघड्या दाराची कडी ओढतात त्यांना ही शिक्षा. वर्ष संपल्यावर सोडा म्हटलं तर सोडेनात. आणि त्यांनी दोन गोष्टी बदलून घेतल्या. तपासायचं तेच भाषांतर पाठवायचं. आणि झाकणापासून मोटरपर्यंत सरळ एक तार ओढायची, झाकण उघडलं की वीजच तुटेल. कुणाच्या भाषांतरावर माणसाचा हात सोपवायचा नाही, अगदी आपण सांगितलेल्या भाषांतरावरही.

पण त्याआधी, लगेचच्या सोमवारी बाई नवा प्रोग्राम आणि ती तार घेऊन आल्या. मेहुण्याच्या मनगटाला पट्टी होती, म्हणून डाव्या हातात मोजा चढवलेला. मशीन शेवटच्या फेऱ्यात शिरलं.

‘उघडा,’ बाई म्हणाल्या.

त्यानं झाकण उचललं. आकडा थांबला. मेहुण्यानं बोट खुपसलं, डोळे मिटले. ‘अजून दोन वळसे.’

‘पुन्हा,’ बाई म्हणाल्या.

उघडलं. थांबला.

‘पुन्हा.’

नवव्यांदा मेहुणा वैतागला. ‘बाई, आता तरी विश्वास बसला ना?’

‘तुमच्यावर बसला,’ बाई म्हणाल्या आणि झाकणाकडे बघत राहिल्या. ‘हे मी लिहिलंय. पुन्हा उघडा.’